कुऱ्हाडीपासून साखळीच्या करवतीपर्यंत
झाड पाडण्याच्या हत्यारांचा इतिहास आणि त्यातून घ्यायचा धडा



बांधावरचे एक मोठे झाड पाडायला किती वेळ लागतो? हा प्रश्न गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या गड्याला विचारा. तो सांगेल, "दोघं असलं तर न्याहारी करून लागायचं, दुपारच्या भाकरीपत्तोर झाड आडवं." हाच प्रश्न भाड्याने मशीन घेऊन फिरणाऱ्या पोराला विचारा. तो म्हणेल, "काका, पाच मिनिटं."

दोघेही खरेच बोलतात. पण सकाळपासून दुपारपर्यंतचा तो वेळ सगळा घाव घालण्यात जात नव्हता. मधे गडी दम खायला थांबे, झाडाला फेरी मारी, शेंडा हलतो का ते बघे, लाकूड करकरते का ते ऐके. चुकले तर दुरुस्त करायला सवड असे. मशीन आली, कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण कष्टाबरोबर विचार करायचा वेळही गेला. तो आता ज्याचा त्याने मुद्दाम काढायला हवा. नाही काढला तर काय होते, ते गेल्या शंभर वर्षांत जगभरच्या लाकूडतोड्यांनी आपल्या अंगावर सोसून शिकून घेतले आहे. त्यांना लागलेली ठेच आपल्याला लागायला नको, म्हणून ही हकिगत सांगतो.

कुऱ्हाडीचा काळ

कुऱ्हाड हे आपल्या मुलखातले फार जुने हत्यार. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. तिथे जमिनीखाली तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या. त्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या. त्याच्याही आधी घासून धार काढलेल्या दगडी कुऱ्हाडी होत्या. पुढे लोखंड आले, धार टिकू लागली. पण काम करायची रीत तीच राहिली.

ती रीत अशी. ज्या अंगाला झाड पाडायचे, त्या अंगाला आधी खाच पाडायची. मग मागच्या अंगाने, खाचेपेक्षा जरा वर, दुसरी खाच घालत जायचे. दोन्ही खाचा एकमेकींना मिळू द्यायच्या नाहीत. मधे लाकडाची एक पट्टी शिल्लक ठेवायची. झाड कलंडते ते या पट्टीवर, दार बिजागरीवर फिरते तसे. पट्टी धरून आहे तोवर झाड ठरल्या दिशेलाच जाते. ही न तोडलेली पट्टी हाच झाडाचा लगाम. हत्यारे बदलली, पण हा लगाम बदललेला नाही. पुढे आपण याच पट्टीकडे परत येणार आहोत, म्हणून तिला आत्तापासून "बिजागरी" म्हणू.

माझ्या लहानपणी आमच्या विहिरीजवळचे लिंबाचे झाड पाडायचे ठरले. आमचे चुलते, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, कुऱ्हाड घेऊन गेले. पहिला अर्धा तास त्यांनी एक घाव घातला नाही. दांड्याचे टोक दोन बोटांत धरून कुऱ्हाड खाली लोंबती सोडली आणि एक डोळा मिटून तिच्या आडून झाडाकडे बघितले.

मी विचारले, "आबा, हे काय करताय?"

"वळंबा लावतोय. कुऱ्हाड सरळ लोंबती. झाड कुणीकडं कललंय ते हिच्यावरनं कळतं."

मग त्यांनी हाताच्या लांबीएवढी काठी घेतली, हात सरळ पुढे करून ती उभी धरली आणि मागे मागे चालत गेले. काठीच्या खालच्या टोकाशी बुंधा आणि वरच्या टोकाशी शेंडा दिसू लागला तिथे थांबले. म्हणाले, "झाड आडवं झालं की शेंडा हितपर्यंत येतोय. तू याच्या दुप्पट लांब जाऊन बस, नि हाक मारल्याशिवाय हलू नको."

वळंबा आणि काठी, दोन्ही फुकटची. आजही ती तितकीच खरी आहेत.

दोघांची करवत

दोन बाजूंनी दोघांनी ओढायची लांब करवत आपल्याकडे अनेकांनी पाहिली आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रचंड घेराची झाडे आहेत. तिथे बराच काळ झाड पाडायचे कुऱ्हाडीने आणि पडलेल्या खोडाचे ओंडके करायचे करवतीने, अशी वाटणी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुढची खाच कुऱ्हाडीने आणि मागचा काप करवतीने, ही रीत रुळली. या करवतीला दोन जातींचे दात असत. काही दात लाकडाचे धागे कापायचे, आणि मधले बोथट दात कापलेला भुसा बाहेर ओढून काढायचे.

करवतीबरोबर आणखी एक वस्तू आली, ती म्हणजे पाचर. कुऱ्हाडीची खाच उघडी असते. करवतीचा काप बारीक. झाड जरा मागे रेलले की करवत चिमटलीच. म्हणून करवतीमागोमाग कापात पाचर ठोकायची. तिने काप मिटत नाही, आणि झाड पुढे रेटले जाते.

दोघांच्या करवतीचा आणखी एक फायदा त्या वेळी कुणी मोजला नव्हता. समोरासमोर दोन माणसे असत. एकाचे लक्ष कापाकडे गेले तरी दुसऱ्याची नजर शेंड्याकडे जाई. "थांब रे" म्हणायला कुणीतरी होते.

साखळीची करवत कुठून आली

दातांची साखळी फिरवून कापायची कल्पना पहिल्यांदा जंगलात निघाली नाही, ती निघाली डॉक्टरांकडे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या दोन डॉक्टरांनी हाड कापण्यासाठी बारीक दातांची साखळी वापरली. ती हाताने ओढायची. पुढे १८३० साली जर्मनीत बर्नहार्ड हाइने याने दांडा फिरवून चालणारी हाडाची करवत केली. तिच्यात पट्टीभोवती साखळी फिरत असे. आजच्या मशीनची ही पणजी म्हणायची.

झाडासाठी तीच गोष्ट करायला इंजिन हवे होते. जर्मनीत स्टुटगार्ट येथे आंद्रेआस श्टील याने १९२६ साली विजेवर चालणारी साखळीची करवत तयार केली. जंगलात वीज कुठली? म्हणून १९२९ साली त्याने पेट्रोलवर चालणारी मशीन आणली. तिचे वजन होते ४६ किलो. म्हणजे अर्ध्या क्विंटलाच्या पोत्यापेक्षा थोडे कमी, आणि वर ते थरथरणारे. ती चालवायला दोन माणसे लागत. एक इंजिनाकडे, दुसरा पट्टीच्या टोकाकडे.

पुढे दुसरे महायुद्ध आले. जर्मन मशीनचा पुरवठा बंद पडला, तसे अमेरिका-कॅनडातल्या कारखान्यांनी आपापल्या मशीन करायला घेतल्या. इंजिने हलकी होऊ लागली. पण एक अडचण सुटत नव्हती. साखळीचे दात लाकूड नुसते ओरबाडत. धार लवकर जाई, आणि गड्याचा निम्मा दिवस कानस मारण्यात जाई.

ही अडचण सोडवली एका अळीने. आंब्याला भिरूड लागते ती आपण सगळे ओळखतो. खोडात शिरते, आतून पोखरते आणि भोकातून भुसा बाहेर टाकते. त्याच कुळातल्या भुंगेऱ्याची एक मोठी अळी अमेरिकेत ऑरेगन भागात असते. जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या १९४६ साली जळण फोडत होता. त्याला खोडात ती अळी दिसली. ती धाग्याला आडवी आणि उभी, दोन्हीकडे सारखीच सहज जात होती. त्याने तिचा जबडा निरखून पाहिला. दोन जबडे, इंग्रजी सी अक्षरासारखे वाकलेले, एक डावीकडे कापतो, एक उजवीकडे. त्याने साखळीचे दात तसेच केले, एक डावा, एक उजवा. १९४७ साली पोर्टलंड गावी त्याने हा धंदा चालू केला. आज आपल्या गावात येणाऱ्या मशीनची साखळी हातात घेऊन बघा. दात एकाआड एक डावे-उजवे आहेत. ती त्या अळीची देणगी.

माणूस एकटा पडला

श्टीलच्या कारखान्यातून १९५० साली एका माणसाने चालवायची पेट्रोल करवत निघाली, वजन १६ किलो. १९५९ साली आली ती १२ किलोची. त्यानंतर साखळीची करवत जगभर पसरली. झाड पाडायला दुसरा माणूस लागेना.

इथेच इतिहासाने वळण घेतले. मजुरी वाचली, वेळ वाचला, पण "थांब रे" म्हणणारा गेला. शिवाय मशीनचा आवाज एवढा, की लाकडाची करकर ऐकू येईना. आवाज हीच आबांसारख्या माणसांची घंटा होती. ती बंद झाली, आणि अपघात वाढले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मशीनवर जे जे भाग बसवले गेले, त्यातला एकेक भाग कुणीतरी जायबंदी झाल्यावर बसला आहे. ते कोणते, ते नीट समजून घ्या, कारण पुष्कळ ठिकाणी ते मोडलेले किंवा काढून टाकलेले दिसतात.

पहिली गोष्ट, उसळी. साखळी पट्टीच्या वरच्या अंगाने आपल्यापासून लांब पळते, टोकाला वळसा घालते आणि खालच्या अंगाने आपल्याकडे येते. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा एखाद्या फांदीला किंवा ओंडक्याला टेकला, की दात तिथे अडकतो आणि सगळी पट्टी वर आणि मागे, थेट तोंडाकडे उसळते. हे डोळ्याची पापणी लवायच्या आत होते. साखळीचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर असतो. तिथे माणसाची चपळाई कामाची नाही. म्हणून पुढच्या मुठीसमोर हाताची ढाल आली आणि ढालीला जोडून साखळीचा ब्रेक आला. १९७३ साली स्वीडनच्या हुस्क्वार्ना कंपनीने उसळी बसताच आपोआप लागणारा ब्रेक आणला. मशीनवाला आला की आधी ही ढाल पुढे ढकलून बघा. साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे. थांबत नसेल, किंवा ढालच नसेल, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

दुसरी गोष्ट, पांढरी बोटे. मशीनची थरथर वर्षानुवर्षे हातात गेली की बोटांतल्या रक्ताच्या बारीक वाहिन्या बिघडतात. थंडीत बोटे पांढरी पडतात, बधिर होतात, सदऱ्याचे बटण लावता येत नाही. १९६०च्या सुमारास कितीतरी देशांतल्या लाकूडतोड्यांना हे दुखणे जडल्याचे दिसू लागले. म्हणून कारखानदारांनी मुठी आणि इंजिन यांच्यामधे रबराचे बफर घातले. त्याचा गुण काय आला? फिनलंड देशात सुओमुस्साल्मी भागातल्या लाकूडतोड्यांची १९७२ पासून पुन्हा पुन्हा तपासणी झाली. १९७२ साली शंभरांतल्या ४० जणांना पांढऱ्या बोटांचा त्रास होता. १९९० साली तो शंभरांत ५ जणांवर आला. मशीनची थरथर कमी झाली, हे त्याचे मोठे कारण. जंगल तेच. म्हणून तडकलेले रबर बदलायचा खर्च म्हणजे चैन समजू नका.

तिसरी गोष्ट, लहान लहान भाग. मागच्या मुठीवर एक खटका असतो. तो तळहाताने दाबल्याशिवाय इंजिनाचा वेग वाढत नाही. साखळी तुटली तर ती झेलायला खाली एक आकडा असतो. हे दोन्ही जागेवर आहेत का बघा. काही जण खटका सुतळीने बांधून ठेवतात. तसे केले तर फांदीला नुसता धक्का लागला तरी साखळी सुसाट सुटेल.

चौथी गोष्ट, अंगावरचे कपडे. जंगलकाम करणाऱ्यांसाठी आतून लांब धाग्यांचे थर दिलेली विजार निघाली. साखळी लागली की ते धागे ओढले जाऊन चाकात गुंततात आणि साखळी जाम होते. आपल्याकडे ती सगळ्यांजवळ नाही, हे खरे. पण धोतराचा सोगा, लुंगी, गळ्यातले उपरणे आणि पायातली चप्पल, यांतली एकही वस्तू मशीनजवळ नको. घट्ट विजार, बूट, डोक्याला शिरस्त्राण, डोळ्याला चष्मा आणि कानाला बोळे एवढे तरी हवेच.

मशीनवर नसलेला भाग

एवढी सुधारणा झाली, तरी एक भाग कोणत्याच कारखान्यात तयार होत नाही. तो म्हणजे बिजागरी. ती पूर्वी कुऱ्हाडवाल्याच्या हातात होती, आज मशीनवाल्याच्या हातात आहे. कुऱ्हाडीने ती चुकून तोडायला बराच वेळ लागे. मशीन ती डोळ्यादेखत दोन सेकंदांत कापून टाकते. आणि ती तुटली की झाड कुठे जाईल हे कुणीच सांगू शकत नाही.

हिशेब सोपा आहे. दोरीने खोडाचा घेर मोजा आणि तीनने भागा, म्हणजे जाडी मिळाली. घेर १५० सेंटिमीटर असेल, तर जाडी ५०. पुढची खाच जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतकी खोल, म्हणजे १२ सेंटिमीटर. खाच अरुंद नको. निदान काटकोनाच्या निम्म्याएवढी उघडी हवी. मग मागचा काप, खाचेच्या टोकापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर. आणि कापत जाताना जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतके, म्हणजे ५ सेंटिमीटर लाकूड दोन्ही टोकांना सारखे शिल्लक ठेवून थांबायचे. एका बाजूला जास्त आणि एका बाजूला कमी राहिले, तर झाड वळून पडते. मागच्या कापात पट्टीला जागा सोडून पाचर घालायला विसरू नका. पाचर लाकडी किंवा प्लास्टिकची हवी. लोखंडाला साखळी लागली तर दात जातील आणि तुकडा उडेल.

ही रीत उभ्या, निरोगी आणि जवळपास सरळ झाडाची. वाळलेल्या किंवा आतून पोखरलेल्या खोडात बिजागरी वाकत नाही, काडीसारखी मोडते. तिथे तिचा भरवसा धरू नका. तसेच फार कललेले झाड नवख्याच्या हाती देऊ नका. का, ते सांगतो.

अलीकडेच आमच्या शिवारात ओढ्याकडे कललेली एक बाभूळ पाडायची होती. मशीनवाला पोरगा विशीतला, पायात चप्पल. झाड कललेलेच आहे, खाच कशाला पाहिजे, असे म्हणून त्याने सरळ मागून काप घातला. कललेल्या झाडाच्या वरच्या अंगाचे धागे दोरासारखे ताणलेले असतात. निम्मे खोड कापले गेले, तेवढ्यात उरलेले खोड उभे चिरत वर गेले आणि चिरलेला बुंधा मागे उसळला. तो त्याच्या खांद्याला लागला. दोन बोटे अलीकडे असता तर डोक्याला लागला असता. खांद्याचे हाड मोडले आणि पोराचा हंगाम गेला. झाड पडायला पाच मिनिटेही लागली नव्हती. आणि झाडाला एक फेरी मारायला लागली असती ती दोन.

पडलेले झाड जास्त फसवे

वादळानंतर मशीन सगळ्यात जास्त चालते. २००५ सालच्या जानेवारीत दक्षिण स्वीडनमध्ये मोठे वादळ झाले. सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड एका रात्रीत आडवे झाले. तिथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जंगल राखणारे, मशीन चालवण्यात मुरलेले. तरीही पुढच्या महिन्यांत पडलेली झाडे मोकळी करताना त्यांच्यातल्या कित्येकांचे प्राण गेले. आपल्याकडे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा आंबा, नारळ, सुपारीच्या बागा झोपल्या आणि वाड्या-वाड्यांतून मशीनचा आवाज सुरू झाला. पुढच्या वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात, तौक्ते वादळात कोकणाला पुन्हा तेच बघावे लागले.

पडलेले खोड मेलेले वाटते, पण ते ताणलेल्या धनुष्यासारखे असते. दोन्ही टोके टेकलेली आणि मध अधांतरी असेल, तर वरच्या अंगाला दाब आणि खालच्या अंगाला ताण असतो. तिथे आधी वरून तिसरा हिस्सा कापा, मग खालून. एकच टोक टेकलेले असेल तर उलटे. आधी खालून तिसरा हिस्सा, मग वरून. मुळासकट उपटलेल्या झाडाचे खोड कापले, की मुळांचा गड्डा मातीसकट परत खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात पोरे खेळत नाहीत ना, हे आधी बघा. आणि विजेची तार झाडाला लागलेली असेल, तर महावितरणचा माणूस येऊन वीज बंद केल्याची खात्री होईपर्यंत झाडाला हात लावू नका.

पाडण्याआधी विचारणे

झाड तोडण्याआधी विचारायचे, ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले. त्यात आरमारासाठी लाकूड आणताना काय करावे हे सांगितले आहे. आंबा-फणसासारखी झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये. एखादे झाड अगदी जुने, निरुपयोगी झाले असेल, तर मालकाला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे, असा त्याचा भाव आहे.

आजचा कायदा आहे १९६४ सालचा, महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत विनियमन करणारा. साग, आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा यांसारखी ठरावीक झाडे आपल्या मालकीच्या रानात असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. आपले झाड त्या यादीत आहे का, याची चौकशी तालुक्याच्या वनखात्याच्या कचेरीत आधी करा. परवानगीला आठ दिवस गेले तर जाऊ द्या. तेवढ्या दिवसांत झाडाकडे नीट बघूनही होईल.

मशीन सुरू करण्यापूर्वी ध्यानात ठेवा

१. झाडाला पूर्ण फेरी मारा. कल, पोकळी, वाळक्या फांद्या, विजेची तार आणि आग्या मोहळ बघा. बांधावरच्या झाडात कुंपणाची तार किंवा खिळे रुतलेले असतात. तिथे कापू नका.

२. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात मशीनवाल्याशिवाय कुणी नको. बैल, शेळ्या सोडून लांब बांधा.

३. पळायच्या वाटा आधीच साफ करा. झाड पडणार त्याच्या उलट बाजूला, तिरक्या, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. नीट मागे पळू नका. बुंधा मागे सरकतो. झाड हलू लागले की शेंड्याकडे नजर ठेवून निघा.

४. मशीन जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून सुरू करा. पेट्रोल भरताना इंजिन निवू द्या आणि भरल्या जागेपासून चार पावले लांब जाऊन सुरू करा. विडी-काडी तर नकोच.

५. दोन्ही हातांनी धरा, अंगठा मुठीखालून वळवून. खांद्याच्या वर मशीन उचलू नका. शिडीवर किंवा झाडावर चढून नवख्याने चालवू नये.

६. दोर बांधला तर तो झाडाच्या उंचीपेक्षा बराच लांब हवा. हाताला किंवा कमरेला कधी गुंडाळू नका.

७. झाड दुसऱ्या झाडात अडकले तर त्याच्या खाली जाऊ नका, आणि आधाराचे झाडही तोडू नका. माणसे लांब ठेवा आणि ओढून काढायची सोय असलेला जाणता माणूस बोलवा.

८. एकट्याने काम करू नका. हाकेच्या अंतरावर एक शहाणा माणूस उभा ठेवा. त्याने झाडाच्या शेंड्याकडे बघत राहायचे आणि हाताने खूण करायची. दोघांच्या करवतीवरचा तो दुसरा गडी असा परत आणा.

मंडळी, पाच मिनिटांच्या कामाला आधी पंधरा मिनिटे द्यायची, एवढेच आमचे सांगणे. तरीही आबांच्या हिशेबाने तुमची निम्म्याहून जास्त सकाळ वाचतेच. हे पत्रक वाचून झाले की घडी घालून ठेवू नका. पुढच्या वेळी मशीनवाला दारात आला, की ते त्याच्या हाती द्या. त्याला वाचायला सवड नसेल, तर तुम्ही वाचून दाखवा.